उंचावलेल्या जीपचे सुटलेले स्टीअरिंग

ठाणे जिल्ह्यात मुरबाड सोडून टोकावड्याच्या दिशेने निघाले की रस्ता काही ठिकाणी चांगला सरळ होतो आणि गाडी नकळत ताशी साठ-सत्तरवर जाते. पुलाच्या सांध्यावर किंवा गतिरोधकाच्या फुटक्या कडेवर पुढचे एकच चाक आदळते. दुसऱ्या क्षणी दोन्ही चाके डावी-उजवीकडे इतक्या जोरात हलू लागतात की स्टीअरिंग हातात राहत नाही. बॉनेट, आरसे, डॅशबोर्ड सगळे हादरते. खड्डा केव्हाच मागे पडलेला असतो, पुढे रस्ता गुळगुळीत असतो, तरी हादरे थांबत नाहीत. वेग पंचवीस-तीसपर्यंत उतरला की मात्र सारे एकदम शांत होते. जीप बाळगणाऱ्या शौकिनांत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. गॅरेजात ‘गाडी वॉबल मारते’ किंवा ‘पुढून थरथरते’ एवढेच सांगितले जाते.

अडचण तिथेच सुरू होते, कारण ‘पुढून थरथरते’ या तक्रारीखाली निदान चार-पाच वेगळे आजार येतात. ताशी ऐंशीच्या आसपास बारीक कंप येतो आणि वेग थोडा वाढवला की जातो, तो बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगचा दोष. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरते, तेव्हा डिस्क किंवा ड्रम पाहायचा. खड्ड्यात गेल्यावर स्टीअरिंगला एकच झटका बसतो आणि प्रकरण संपते, तो स्टीअरिंगच्या दांड्यांच्या कोनांचा प्रश्न. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते, सारखी सावरावी लागते, तिथे ढिले सांधे किंवा कमी झालेला कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन). खरे वॉबल यांहून निराळे. ते धक्क्याने सुरू होते, धक्का संपल्यावरही स्वतःच्या बळावर चालू राहते आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवण्याआधी मिस्त्रीने मालकाला दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: कधी सुरू होते, आणि कशाने थांबते? हे न विचारता नवा स्टीअरिंग डॅम्पर बसवून देणे ही आपल्याकडची सर्वांत महाग आणि सर्वांत धोकादायक सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा आजार मुख्यतः पुढे सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांचा. दोन्ही चाके एकाच दांडीच्या दोन टोकांना बसवलेली असतात आणि एक चाक वर गेले की दुसऱ्याला त्याची खबर लागतेच. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून एमएम ५४० पर्यंतच्या जीपा पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेल्या सरळ अ‍ॅक्सलच्या. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सीही तशीच, आणि तीन दशकांहून जास्त काळ तशीच राहिली. रांजणगावच्या कारखान्यात २०२१ पासून जोडली जाणारी जीप रँग्लर नवी असली तरी तिच्या पुढेही सरळ अ‍ॅक्सलच, फक्त पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि दांड्या. उलट २०१० च्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि ऑक्टोबर २०२० च्या नव्या थारला पुढे डबल विशबोन. तिचा सरळ अ‍ॅक्सल फक्त मागे आहे. माळशेजला पावसाळ्यात ज्या उंचावलेल्या नव्या थार दिसतात त्यांचे स्टीअरिंग थरथरले तर बॉल जॉइंट, टायर आणि अलाइनमेंट हा तपासाचा मार्ग. त्यांच्यावर जिप्सीचे उपाय करण्यात अर्थ नाही.

आजार मुळीच नवा नाही. १९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे जाड ‘बलून’ टायर आले आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक बसले. पुढचे अ‍ॅक्सल जड झाले, टायर लवचीक झाले आणि युरोप-अमेरिकेत गाड्यांची पुढची चाके थरथरू लागली. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रूलिए यांनी १९२५ मध्ये या थरथरीचा अभ्यास मांडला. टायर ज्या दिशेला वळलेला असतो नेमका त्याच दिशेला तो जात नाही, थोडा आडवा सरकत जातो, ही आज प्रत्येक वाहन अभियंत्याला शिकवली जाणारी गोष्ट त्या अभ्यासातून पुढे आली. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनचा आग्रह धरला आणि १९३४ च्या गाड्यांत ते आले. सरळ अ‍ॅक्सलची थरथर हे त्यामागचे एक मोठे कारण होते. प्रवासी मोटारींपुरता प्रश्न तिथे बराचसा मिटला. जीप मात्र दणकटपणासाठी सरळ अ‍ॅक्सलवरच राहिली, आणि आज तिच्यावर मोठे, जड, कमी हवेचे टायर चढवणारा माणूस १९२५ च्या अभियंत्यांपुढची परिस्थिती आपल्या अंगणात पुन्हा उभी करत असतो.

थरथर स्वतःला कशी पोसते हे समजले तर पुढचा तपास सोपा जातो. फिरते चाक भोवऱ्याच्या नियमाने वागते: त्याला उभ्या पातळीत तिरके केले की ते बाजूला वळू पाहते. सरळ अ‍ॅक्सलचे डावे टोक वर गेले की दोन्ही चाके तिरकी होतात आणि म्हणून दोन्ही वळतात. वळलेल्या टायरवर रस्त्याचा आडवा जोर येतो, तो अ‍ॅक्सलला ढकलतो, अ‍ॅक्सल पुन्हा डोलतो, चाके उलट वळतात. हे चक्र चालवायला लागणारी ताकद गाडीच्या पुढे जाण्यातूनच मिळते. रस्ता गुळगुळीत असला तरी ते थांबत नाही आणि वेग उतरला की थांबते, याचे कारण हेच.

आता थोडा हिशोब. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरचा घेर सुमारे २.१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला तो सेकंदाला जवळजवळ आठ फेरे घेतो. त्याजागी ३१ इंची टायर लावला तर घेर अडीच मीटरच्या जवळ जातो आणि तेच आठ फेरे ताशी ७० ला पडतात. अ‍ॅक्सल, स्प्रिंग, टायर आणि स्टीअरिंग यांच्या मिळून होणाऱ्या डोलण्याची नैसर्गिक लय साधारण याच टप्प्यात असते. म्हणून बॅलन्स बिघडलेले चाक याच वेगांना दर फेरीत एक टोला देते आणि तो नेमका लयीत पडतो. टायर मोठा आणि जड झाला की भोवऱ्याचा जोरही वाढतो. त्यात बाहेर काढलेले रुंद रिम किंवा स्पेसर लावले, तर टायर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्या, रेषेपासून दूर जातो आणि रस्त्याचा प्रत्येक टोला लांब दांड्याने स्टीअरिंगवर बसतो. गाडी देखणी दिसावी म्हणून केलेला हा बदल गाडी उंचावण्यापेक्षा, म्हणजे लिफ्टपेक्षा, जास्त नुकसान करतो, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

लिफ्ट नेमके काय करते? पाट्यांच्या गाडीत स्वस्तातला मार्ग म्हणजे लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसीला जोडणारी झुलती पट्टी). जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक चेसीच्या तुलनेत खाली जाते, अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असल्यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते. गाडीत तेच काम कॅस्टर करतो. शिवाय स्टीअरिंग बॉक्स वर गेला आणि अ‍ॅक्सल खाली राहिला, तर ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारी दांडी) उभट होते. मग चाक वर-खाली झाले की ती चाकांना थोडे वळवतेही. रँग्लरसारख्या कॉइलच्या गाडीत अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून ट्रॅक बार असतो. गाडी उंचावली की त्याचाही कोन वाढतो, त्याच्या बोल्टवर ताण येतो आणि ब्रॅकेटचे गोल भोक हळूहळू लांबट होते. या गाड्यांत वॉबलचा पहिला संशयित तोच बोल्ट. रँग्लरची तक्रार अमेरिकेत इतकी गाजली की २०१९ मध्ये कंपनीने २०१८-१९ च्या गाड्यांना नवा स्टीअरिंग डॅम्पर मोफत बसवून दिला. अमेरिकेत याच तक्रारीवरून खटलेही झाले.

कॅस्टरवरून मात्र जुना वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंकडे तथ्य आहे. आजचे लिफ्ट किट विकणारे सांगतात, वॉबल म्हणजे कॅस्टर कमी, तो वाढवा. सरळ अ‍ॅक्सलच्या मोटारींच्या काळातली दुरुस्तीची पुस्तके थरथरीच्या कारणांत ‘जास्त कॅस्टर’ही लिहितात. कॅस्टर फार वाढला की टायरवरचा आडवा जोर चाकाला जास्त ताकदीने फिरवतो आणि थरथर वाढू शकते. फार कमी झाला की चाकाला सरळ येण्याची ओढ उरत नाही. विलीज जीपचा मूळ कॅस्टर तीन अंश होता, कँबर (चाकाचा बाहेरचा कल) दीड अंश, आणि टो-इन (चाकांचे पुढून आत वळणे) साधारण एक ते अडीच मिलिमीटर. पाट्यांवरच्या जीपमध्ये मूळ आकड्याजवळ परतणे हेच मी शहाणपणाचे मानतो. त्यासाठी पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालतात. पण फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पाचरीने अ‍ॅक्सल मागे झुकवला की डिफरन्शियलचे नाक खाली जाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. गाडी दोन इंचांपेक्षा जास्त उंचावली असेल तर हे दोन्ही कोन एकाच वेळी नीट बसत नाहीत, कुठे तरी तडजोड करावीच लागते. आणि एक गोष्ट मालकांना सहसा कोणी सांगत नाही: सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत अलाइनमेंटच्या मशिनवर फक्त टो बदलता येतो. कॅस्टर मशीन दाखवते, दुरुस्त करत नाही. म्हणून कल्याण-भिवंडीच्या दुकानातून निघताना छापील रिपोर्ट मागून घ्यायचा आणि त्यावरचे कॅस्टरचे डावे-उजवे आकडे स्वतः वाचायचे. दोन्हींत मोठा फरक असेल तर एखादा पाटा तुटला असेल, सेंटर बोल्ट गेला असेल किंवा अ‍ॅक्सलच वाकला असेल.

तपासाचा क्रम फुकटापासून महागाकडे असावा. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पहिली पायरी चिखलाची. भातखाचरांतून, डोळखांब-किन्हवलीच्या कच्च्या वाटांवरून, तानसा-भातसाच्या काठाने गाडी गेली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल भरतो आणि वाळून घट्ट चिकटतो. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण आत एका बाजूला थापलेला तो गोळा चाकाचा बॅलन्स पूर्ण बिघडवतो. पावसाळ्यात आलेली थरथर अनेकदा इथेच संपते. चाक काढून आतून खरवडायचे. दुसरी पायरी हवेची. चिखलात चालवण्यासाठी हवा कमी केली आणि डांबरी रस्त्यावर येताना पुन्हा भरली नाही, तर टायरची बाजू लवचीक राहते आणि थरथरीला खतपाणी मिळते. तिसरी, पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून पाहायची. तक्रारीचे स्वरूप बदलले तर टायर दोषी. मड टायरचे ठोकळे एकाआड एक झिजले असतील तर ते वॉबलचे कारणही असू शकते आणि परिणामही. सांधे दुरुस्त करून तेच टायर पुन्हा लावले तर तक्रार परत येते.

यानंतरच्या तपासाला दोन माणसे लागतात आणि महागडे यंत्र एकही लागत नाही. गाडी जमिनीवर, वजन चाकांवर. एकाने आत बसून स्टीअरिंग थोडेसे डावीकडे-उजवीकडे झटक्याने फिरवत राहायचे. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहायचा आणि सांध्याच्या दोन्ही भागांवर एकदम बोट टेकवायचे. एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, तो सांधा गेला. पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, टाय रॉड एंड, जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमधला बेल क्रँक, पाट्यांचे बुश, शॅकल, ट्रॅक बारचे दोन्ही बोल्ट: सगळे याच पद्धतीने. स्टीअरिंग बॉक्स चेसीवर हलतो का हे विशेष बघायचे. बोल्ट घट्ट असतात आणि चेसीचा पत्राच चिरलेला असतो, असे जुन्या जीपमध्ये घडते. इथल्या पावसात आणि गंजात ती चीर रंगाखाली लपून राहते, म्हणून वायर ब्रशने घासूनच पाहायचे. गाडी जॅकवर चढवून, चाके लटकती ठेवून ही तपासणी करणारे मिस्त्री चुकतात. भार नसला की झिजलेला सांधाही घट्ट वाटतो.

जॅकचे काम त्यानंतर. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, अ‍ॅक्सलखाली स्टँड, मग पुढचे एक चाक उचलायचे. वर आणि खाली धरून हलवले आणि ठकठक लागली, तर दोष व्हील बेअरिंगचा असेल किंवा किंगपिनचा. दोघांत फरक करण्याची युक्ती सोपी आहे: आत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगायचे आणि चाक पुन्हा हलवायचे. ठकठक गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर टाय रॉड एंडचा प्ले कळतो.

किंगपिनपाशी थोडे थांबायला हवे, कारण जिप्सी आणि जुन्या जीपच्या वॉबलची मोठी गोम तिथे असते. या गाड्यांच्या नकलमध्ये, म्हणजे चाकासह वळणाऱ्या भागात, वर-खाली टेपर बेअरिंग असते आणि टोपीखाली पातळ शिम. शिम कमी केली की बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि नकल फिरायला थोडी जड जाते. ती जडता आवश्यक असते. थरथरीची ताकद शोषून घेणारी ती पहिली जागा. नकलचे ऑइल सील फाटले की तेल बाहेर येते, चिखल-पाणी आत जाते, बेअरिंगला खड्डे पडतात आणि जडता संपते. नकल हाताने सहज डुलू लागली की कितीही महाग टायर आणि डॅम्पर लावले तरी वॉबल परत येणार. ही जडता मोजण्याची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते: दांड्या सोडून, नकलच्या टोकाला स्प्रिंग काटा अडकवून ती फिरायला लागेपर्यंत ओढायची आणि किलोत वाचायचे. काटा स्वस्त असतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण हे मोजमाप करून किंगपिन बसवणारा मिस्त्री दुर्मीळ झाला आहे, आणि जुन्या जीपवर हात बसलेल्या माणसांकडून नव्या पोरांनी ते काम शिकून घेतले नाही तर या गाड्या भंगारात जातील याची मला खरोखर चिंता वाटते.

डॅम्परबद्दल आता बोलता येईल. तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखी आडवी नळी असतो आणि स्टीअरिंगची जलद हालचाल मंदावतो. चांगल्या गाडीत तो खड्ड्यांचे बारीक टोले हाताला जाणवू देत नाही, म्हणून तो हवाच. ढिल्या गाडीत मात्र तो थरथर दाबून ठेवतो. आत सांधे झिजतच राहतात, आणि डॅम्पर थकला की वॉबल आधीपेक्षा मोठे होऊन येते. दोन-दोन डॅम्पर लावलेल्या गाड्या मी दणकट मानत नाही. त्या न तपासलेल्या गाड्या असतात.

चालत्या गाडीत वॉबल सुरू झालेच तर स्टीअरिंगशी झटापट करायची नाही. ते दोन्ही हातांनी सरळ धरायचे, अंगठे आऱ्यांच्या बाहेर ठेवायचे, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि हलक्या ब्रेकने वेग उतरवायचा. वेग वाढवला की वॉबल सुटते असे सांगणारे भेटतात. कधी सुटतेही, पण कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या वळणावर तो प्रयोग जिवावर बेतेल. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि शहापूर तालुक्यातल्या जीपवाल्यांच्या दारापर्यंत ताशी १२० चा रस्ता आला. उंचावलेली, मोठ्या टायरची जुनी जीप त्या रस्त्यावर नेऊच नये.

लिफ्टची गरज किती, हाही या प्रश्नाचा भाग आहे. शिधा, खताच्या गोणी, माणसे घेऊन किन्हवली-सरळगावकडे जाणाऱ्या गाडीला उंची लागत नाही, तिला न थकलेले पाटे लागतात. बसलेला पाटा बदलला की हरवलेली उंची परत येते आणि कॅस्टरही मूळ जागी येतो. कायदाही ध्यानात घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विम्याचा दावा मांडताना ही गोष्ट पुढे येऊ शकते.

दुरुस्ती झाल्यावर खात्री करायची ती डॅम्पर काढून. पहाटे, वाहतूक नसताना, ओळखीच्या सरळ रस्त्यावर, ज्या सांध्यावर तक्रार सुरू व्हायची त्याच सांध्यावरून आधी ताशी चाळीसने, मग पन्नासने, मग साठने. प्रत्येक वेळी स्टीअरिंग एका झटक्यात शांत झाले पाहिजे. जरा जरी रेंगाळले तरी पुढचा वेग घ्यायचा नाही, गाडी परत आणून सांधे पुन्हा पाहायचे. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पाटे आपापल्या जागी बसतात, तेव्हा यू-बोल्ट आणि ट्रॅक बारचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळायचे. गाडी डॅम्परशिवाय साठला स्थिर राहिली की मग डॅम्पर परत लावायचा.